जुना सांगाडा, नवी इंजिने : क्रीडा-मासेमारीच्या वापरलेल्या नौकेविषयी एक संवाद

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, लाँग आयलंडच्या टोकावरील मॉन्टॉकपासून थेट फ्लोरिडापर्यंत, खोल समुद्रात जाऊन मार्लिन, ट्यूना, सेलफिश असे मोठे मासे गळाने पकडण्याचा छंद फार जुना आहे, आणि या छंदासाठी बांधलेल्या नौकांना तिकडे ‘स्पोर्टफिशर’ असे म्हणतात. मागच्या बाजूला पाण्यापासून फार उंच नसलेला मोकळा हौदा, ज्याला कॉकपिट म्हणतात, त्याच्या पुढे केबिन, केबिनच्या छतावर सुकाणूचा उघडा मंच आणि पोटात शेजारी-शेजारी बसवलेली दोन इंजिने, ही तिची सर्वसाधारण रचना असते. १९६० साली नॉर्थ कॅरोलायनातील विलिस स्लेन यांनी जॅक हारग्रेव्ह यांच्या आराखड्यावरून ४१ फुटी ‘हॅटरस’ फायबरग्लासमध्ये बांधली आणि पुढच्याच वर्षी फ्लोरिडातून ‘बर्ट्रम ३१’ बाजारात आली. तेव्हापासून या धंद्यात एक नवी अडचण निर्माण झाली, ती अशी की नौकेची काया तिच्या इंजिनांपेक्षा कितीतरी अधिक जगू लागली. लाकडी नौका आणि तिचे इंजिन साधारण एकाच सुमारास थकत असत. फायबरग्लासची नौका मात्र दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या इंजिनजोडीलाही पुरून उरते. जुनी इंजिने उतरवून त्यांच्या जागी नवी बसवण्याच्या कामाला ‘रीपॉवर’ म्हणतात. पुढील विवेचनात त्यासाठी पुनर्यंत्रण हा शब्द वापरला आहे.

वापरलेली नौका घेणाऱ्यापुढे म्हणून दोन वाटा असतात. थकलेल्या इंजिनांची पण चांगल्या वंशाची नौका स्वस्तात घेऊन तिचे पुनर्यंत्रण करावे, असे एक मत आहे. हा खर्च दुसऱ्या कोणी आधीच सोसलेला असेल अशीच नौका शोधावी, असे दुसरे. पहिले मत येथे इंजिने बसवणाऱ्या यंत्रज्ञाच्या तोंडी आणि दुसरे मत खरेदीपूर्वी नौका तपासून अहवाल देणाऱ्या सर्वेक्षकाच्या तोंडी घातले आहे. दोघेही कल्पित आहेत, परंतु त्यांचे युक्तिवाद धक्क्याधक्क्यावर ऐकू येणारे आहेत.

यंत्रज्ञ : नौकेत बदलता न येणारी गोष्ट एकच, ती म्हणजे तळाचा आकार. इंजिन बदलता येते, तारा बदलता येतात, केबिन नव्याने सजवता येते, पण समोरून येणारी लाट फोडण्याचा गुण तळात नसेल तर तो कितीही पैसे मोजून विकत घेता येत नाही. बर्ट्रम ३१चेच पाहा. १९५८ साली न्यूपोर्ट येथे अमेरिकाज कपच्या शर्यतींच्या वेळी रेमंड हंट यांनी आखलेली एक छोटी मोटारबोट खवळलेल्या पाण्यातून सहज पळताना रिचर्ड बर्ट्रम यांनी पाहिली आणि त्याच धर्तीची मोठी बोट बांधून घेतली. ‘मॉपी’ नावाच्या त्या बोटीने १९६० सालची मायामी-नासाऊ शर्यत अत्यंत वाईट हवामानात जिंकली. त्याच आकारावरून पुढे बर्ट्रम ३१ निघाली. तिच्या तळाच्या दोन बाजू मागच्या टोकापर्यंत सुमारे २३ अंशांनी उतरत्या राहतात, यालाच ‘डीप-व्ही’ म्हणतात. असा सांगाडा आज कोऱ्या नौकेच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळत असेल, तर इंजिने थकलेली आहेत एवढ्यावरून तो नाकारणे शहाणपणाचे नाही.

सर्वेक्षक : आकाराविषयी वाद नाही, जरी त्याच आकारामुळे ती नौका इंजिने बंद करून लाटांवर सोडली की फार डोलते आणि वाऱ्यात माणसांना भिजवते, हेही गिऱ्हाइकाला सांगायला हवे. मात्र तुम्ही ‘सांगाडा’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर फक्त तळ असतो. त्या काळच्या पुष्कळ नौकांचा तळ भरीव फायबरग्लासचा आणि आजच्या मानाने जाड आहे, हे खरे. पण डेकच्या दोन थरांमध्ये बहुधा बाल्सा हे हलके लाकूड किंवा प्लायवूड भरलेले असते, आणि इंजिने ज्या लांब तुळयांवर बसतात त्या ‘स्ट्रिंगर’च्या गाभ्यातही पुष्कळदा लाकूडच असते. कठड्याचा एखादा खिळा, मंचाच्या शिडीचा एखादा बोल्ट नीट बंद केलेला नसेल तर तेथून पाणी आत झिरपत राहते, आणि वर रंग चकचकीत असताना खाली लाकडाचा लगदा झालेला असतो.

हे ओळखण्याची सर्वेक्षकाची रीत वर्णन करण्याजोगी आहे, कारण ती अत्यंत साधी आहे. हातात प्लॅस्टिकच्या डोक्याची लहान हातोडी घेऊन तो डेकवर गुडघे टेकतो आणि वीत-वीत अंतरावर हलके ठोके मारत जातो. बाजारात मडके वाजवून घेतात त्याच न्यायाने, थर एकसंध असेल तेथे आवाज खणखणीत येतो आणि थर सुटले असतील किंवा गाभा कुजला असेल तेथे तो बद्द होतो. बद्द आवाजाच्या जागी खडूने खूण केली जाते, मग ओलावा मोजण्याचे यंत्र लावले जाते, आणि शंका उरलीच तर मालकाच्या परवानगीने आतून एक बारीक भोक पाडून निघणारा भुसा कोरडा की ओला हे पाहिले जाते. इंजिनाच्या बोल्टांभोवती हीच परीक्षा अधिक कडकपणे घ्यावी लागते, कारण कुजलेल्या स्ट्रिंगरवर नवे इंजिन बसवणे म्हणजे सगळा खर्च पाण्यात घालणे होय.

यंत्रज्ञ : कुजलेला गाभा काढून नवा भरता येतो. ते काम कष्टाचे असले तरी त्याचा खर्च आधी काढता येतो.

सर्वेक्षक : काढता येतो, म्हणूनच तो भाव ठरण्यापूर्वी काढावा. आणि इंधनाच्या टाक्यांचे काय? २००४च्या आरंभापासून न्यूयॉर्क आणि कनेटिकट या राज्यांत एमटीबीई हे पेट्रोलमधील रसायन बंद झाले आणि त्याच्या जागी १० टक्के इथेनॉल आले, तेव्हा बर्ट्रम आणि हॅटरससारख्या जुन्या नौकांतील फायबरग्लासच्या पेट्रोल टाक्यांची राळ त्या इथेनॉलमध्ये विरघळू लागली. विरघळलेली राळ इंजिनाच्या व्हॉल्व्हवर काळ्या चिकट थराच्या रूपाने बसली आणि चांगली चालणारी इंजिने त्यामुळे निकामी झाली. अशा नौकेत टाकी न बदलता पेट्रोलचीच नवी इंजिने घातली तर नव्या इंजिनांनाही तोच आजार जडणार.

यंत्रज्ञ : हा मुद्दा तर डिझेलच्याच बाजूचा आहे. बर्ट्रम ३१मध्ये मुळात बहुतेक पेट्रोलची इंजिने होती. पेट्रोल इंजिन एका गॅलनमध्ये, म्हणजे सुमारे ३.८ लिटरमध्ये, तासभर साधारण १० ते १२ अश्वशक्ती देते, तर आजचे डिझेल इंजिन तेवढ्याच इंधनात २० अश्वशक्तीच्या आसपास देते. दोन इंजिने मिळून ३०० अश्वशक्तीवर दिवसभर पळणाऱ्या नौकेला ताशी २५ ते ३० गॅलन पेट्रोल लागेल, तेथे १५ गॅलन डिझेल पुरते. म्हणजे तेवढ्याच टाकीत ती जवळपास दुप्पट दूर जाऊन परत येऊ शकते. गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या पलीकडे जाणाऱ्याला हा फरक पैशापेक्षाही सुरक्षिततेचा वाटतो. शिवाय पेट्रोलची वाफ इंजिनघरात साठून स्फोट होण्याची जी भीती कायम असते, ती डिझेलने जवळजवळ संपते. या नौकेची इंजिने कॉकपिटमध्ये पेटाऱ्यांखाली आहेत. पेटारे उचलले की इंजिन सरळ वर येते. मोठ्या हॅटरसमध्ये ती दिवाणखान्याच्या जमिनीखाली असतात आणि ती बाहेर काढण्यासाठी जमीन उकलावी लागते, प्रसंगी दाराच्या चौकटीही काढाव्या लागतात. पुनर्यंत्रणाला कोणती नौका सोयीची, याचा निर्णय निम्मा येथेच होतो.

सर्वेक्षक : तुमचे अंदाजपत्रक बहुधा इंजिनांपाशी सुरू होते आणि इंजिनांपाशीच संपते, हा तुमच्या धंद्यावरचा जुना आक्षेप आहे. कार्बुरेटरच्या पेट्रोल इंजिनाला टाकीकडून एकच नळी येते. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त इंधन ओढते आणि उरलेले टाकीकडे परत पाठवते, म्हणून तेथे परतीची दुसरी नळी टाकावी लागते. हवा अधिक लागते, म्हणून झडपा मोठ्या कराव्या लागतात. धुराची नळी जाड घ्यावी लागते. फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वाढतो, तेव्हा पंखा फिरवणारा शाफ्ट जाड, त्याबरोबर त्याचे आधार, त्याबरोबर तो पंखा, म्हणजे प्रोपेलर, अशी साखळी सुरू होते.

या साखळीतील सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे गिअरचे गुणोत्तर होय, आणि ते आकड्यांनिशी समजून घेणे हिताचे आहे. १९३८ साली बनू लागलेल्या डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेतील सहा सिलिंडरचे इंजिन, जे जुन्या स्पोर्टफिशरमध्ये सर्रास आढळते, मिनिटाला २,३०० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देते असे धरू. त्याला १.५ : १ असा गिअर असेल तर पंख्याचा शाफ्ट मिनिटाला सुमारे १,५३० फेरे घेतो. त्याच्या जागी ३,००० फेऱ्यांचे आधुनिक इंजिन बसवले आणि खर्च वाचवण्यासाठी गिअरचे गुणोत्तर व पंखा तेच ठेवले, तर पूर्ण वेगाने शाफ्ट २,००० फेऱ्यांवर फिरायला हवा. पंख्याला लागणारी शक्ती स्थूलमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, तोच पंखा आता पूर्वीपेक्षा दुपटीहून अधिक शक्ती मागेल. इंजिन ती देऊ शकणार नाही, ३,०००पर्यंत चढणारच नाही, आणि सतत दमछाक होत तापत राहील. २ : १ गुणोत्तराचा गिअर घेतला की शाफ्ट १,५०० फेऱ्यांवर येतो आणि जुना पंखा जवळपास जुळतो. ज्या पुनर्यंत्रणात नवी इंजिने काही शे तासांत बिघडतात, तेथे दोष पुष्कळदा कारखान्याचा नसतो, या हिशेबाचा असतो.

यंत्रज्ञ : हे मान्य आहे, आणि चांगला यंत्रज्ञ हा हिशेब इंजिन मागवण्यापूर्वीच करतो. पण वजनाच्या बाजूनेही पाहा. डेट्रॉइटचे ते सहा सिलिंडरचे इंजिन गिअरसह एक टनाच्या वर भरते. त्याहून अधिक शक्ती देणारे ६.७ लिटरचे कमिन्स इंजिन गिअर सोडून साधारण ६५० किलोंचे असते. दोन इंजिनांत मिळून वाचलेले वजन हीसुद्धा एक प्रकारची शक्तीच आहे, कारण पाण्यावर तरंगत पळणाऱ्या नौकेचा वेग शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. वजन तेच ठेवून शक्ती दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, २० नॉटचा जेमतेम २८ नॉट होतो. म्हणून नुसती अश्वशक्ती वाढवण्यापेक्षा वजन उतरवणे अधिक शहाणपणाचे असते.

सर्वेक्षक : मग वजन उतरले की नौकेचा तोल बदलतो, नाक खाली जाते किंवा शेपूट वर येते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. आणि प्रत्येक जुने इंजिन काढून टाकण्याची घाई कशाला? डेट्रॉइटची ती टू-स्ट्रोक इंजिने, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा शक्ती देणारी, कानठळ्या बसवतात आणि तेल गाळतात, हे कोणी नाकारत नाही. परंतु त्यांच्या सिलिंडरचे अस्तर, ज्याला लायनर म्हणतात, नौकेतच बदलता येते आणि इंजिन न उचलता नवे करता येते. याउलट कॅटरपिलरच्या ३२०८ या इंजिनात लायनरच नाही, सिलिंडर थेट ठोकळ्यात कोरलेला आहे. तेव्हा तो झिजला की काम मोठे होते. पहिल्या प्रकारात दुरुस्ती आणि दुसऱ्या प्रकारात पुनर्यंत्रण, असा विवेक ठेवला तर निम्मे वाद मिटतात.

येथे दोन्ही पक्ष अनपेक्षितपणे जवळ येतात, कारण यंत्रज्ञही नव्याच्या मोहाने सुस्थितीतील जुने इंजिन काढण्याचा पुरस्कार करीत नाही. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, तो पैशाचा. पुनर्यंत्रणाचा खर्च जुन्या नौकेच्या खरेदीकिमतीहून अधिक होणे ही अपवादात्मक गोष्ट नाही, आणि विकताना तो पूर्णपणे परत मिळत नाही, याविषयी या व्यवसायात फारसा मतभेद आढळत नाही. सर्वेक्षकाच्या भूमिकेचा खरा पाया हा आहे.

सर्वेक्षक : म्हणूनच दुसऱ्याने केलेले पुनर्यंत्रण विकत घ्यावे. ज्याने दोन-तीन वर्षांपूर्वी नवी इंजिने बसवली आणि आता आजारपण, बदली किंवा कंटाळा अशा कारणाने नौका काढायची आहे, त्याचा तोटा हा खरेदीदाराचा लाभ ठरतो.

यंत्रज्ञ : दुसऱ्याचे पुनर्यंत्रण घेणे म्हणजे दुसऱ्याच्या चुकाही घेणे. त्याने धुराच्या कोपराची उंची नीट ठेवली होती का, हे कोण पाहणार? थंड करणारे समुद्राचे पाणी ज्या जागी धुराच्या नळीत मिसळते, ती जागा पाण्याच्या रेषेपेक्षा पुरेशी वर, साधारण एक फूट तरी, हवी. अन्यथा नौका मागे घेताना किंवा लाटांवर आदळताना ते पाणी उलटे वाहत इंजिनात शिरते. स्पोर्टफिशरच्या बाबतीत हा धोका विशेष असतो, कारण मोठा मासा दोरी ओढत निघाला की कप्तान पूर्ण जोराने मागे जात त्याचा पाठलाग करतो आणि नौकेची पाठ लाटांत बुडते.

सर्वेक्षक : तेही तपासता येते.

यंत्रज्ञ : आणि आफ्टरकूलर? टर्बोने दाबून गरम झालेली हवा सिलिंडरात जाण्यापूर्वी समुद्राच्या पाण्याच्या नळ्यांमधून थंड करणारे ते पात्र दोन-तीन वर्षांतून एकदा उघडून साफ केलेच पाहिजे. पुष्कळ मालक त्याला हातही लावत नाहीत. झाकणाच्या कडेला पांढरट-हिरवी पूड दिसली, बोल्टांची डोकी गंजून ठोकळ्याशी एकजीव झालेली दिसली, की समजावे की ते कधी उघडलेच गेलेले नाही आणि आतली सील कधीही खारे पाणी इंजिनात सोडू शकेल. तासांचे मीटर कमी आहे म्हणून आनंदणाऱ्या खरेदीदाराला हे दिसत नाही.

या देवाणघेवाणीत यंत्रज्ञाचा मुद्दा सरस ठरतो असे म्हणावे लागते. कमी तास चाललेले पण देखभाल न झालेले इंजिन हे अधिक तास चाललेल्या पण नियमित सांभाळलेल्या इंजिनापेक्षा वाईट असते, आणि नौका महिनोन्महिने धक्क्याला बांधून ठेवल्याने खाऱ्या पाण्याचे काम थांबत नाही. त्याचबरोबर सर्वेक्षकाची भूमिकाही कोसळत नाही, कारण वरील दोन्ही दोष पाहणाऱ्याला दिसणारे आहेत आणि त्यांची दुरुस्ती नव्या इंजिनांच्या मानाने फार स्वस्त आहे.

पाठीमागच्या फळीवर बाहेरची इंजिने, म्हणजे आउटबोर्ड, टांगण्याची जी पद्धत अलीकडे वाढली आहे, तिच्याविषयी दोघेही सावध आहेत. ३०० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड प्रत्येकी साधारण २५० किलोंचे असते. पोटातून निघालेले वजन शेपटीच्याही मागे गेल्याने पाठ खाली बसते, म्हणून तळाला जोडून तरंगशक्ती देणारा वेगळा कंस बांधावा लागतो. पोटात जागा मोकळी होते, देखभाल सोपी होते. पण दोरीला लागलेला मासा पाठीमागून फिरू लागला की त्याला पंख्यांच्या पलीकडून वळवावे लागते, आणि इंधन पुन्हा पेट्रोलच राहते. पुष्कळांना हा सौदा परवडतो, आणि त्यात निंद्य असे काही नाही. फक्त तो मूळ नौकेच्या आराखड्यापासून दूर जाणारा आहे हे जाणून करावा.

संथ गतीचा प्रश्नही याच संदर्भात येतो. मासेमारीच्या दिवसाचा मोठा भाग सहा ते नऊ नॉटच्या वेगाने आमिषे ओढत फिरण्यात जातो, आणि त्या वेगाला मोठ्या इंजिनांची जेमतेम दहावा हिस्सा शक्ती लागते. १९३४ साली लेखक हेमिंग्वे यांनी ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्याकडून घेतलेल्या ‘पिलार’ या नौकेत म्हणूनच ७५ अश्वशक्तीच्या मुख्य इंजिनाशेजारी ४० अश्वशक्तीचे दुसरे लहान इंजिन संथ फिरण्यासाठी ठेवलेले होते. आजची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची डिझेल इंजिने कमी भारावर जुन्या इंजिनांपेक्षा स्वच्छ चालतात, आणि पुनर्यंत्रणाच्या बाजूने देता येणाऱ्या कारणांत हे एक भक्कम कारण आहे; धूर न ओकणाऱ्या नौकेच्या कॉकपिटमध्ये दिवसभर बसणे किती वेगळे असते, हे अनुभवी कोळ्याला सांगावे लागत नाही.

तेव्हा निर्णय कसा घ्यावा? ज्याला नौका दहा वर्षे किंवा त्याहून अधिक ठेवायची आहे, ज्याला तिच्या तळाचा स्वभाव माहीत आहे आणि तोच हवा आहे, आणि ज्याच्याजवळ खरेदीकिमतीइतकी किंवा तिच्याहून अधिक रक्कम इंजिनांसाठी वेगळी ठेवलेली आहे, त्याने यंत्रज्ञाचा मार्ग धरावा. अशा माणसाला विक्रीकिंमत परत मिळण्याची चिंता गौण असते; त्याला हवी तशी नौका मिळते, आणि ती बाजारात दुसऱ्या रूपाने उपलब्धच नसते. जो तीन-चार हंगाम मासेमारी करून पाहणार आहे, ज्याची नौकेची आवड अजून पक्की झालेली नाही, त्याने सर्वेक्षकाचे ऐकावे. दोघांच्या मधला एक मोठा वर्ग मात्र असा आहे की जो स्वस्त नौका आधी घेतो आणि इंजिनांचा विचार नंतर करतो, आणि अर्धवट उकललेल्या नौका कारखान्यांच्या अंगणात वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली पडून राहतात त्या याच वर्गाच्या असतात.

कोणताही मार्ग धरला तरी दोन गोष्टी टाळू नयेत. पहिली, पुनर्यंत्रण करायचे असेल तर इंजिन, गिअर, शाफ्ट, पंखा, धुराची वाट, टाक्या आणि मजुरी यांचे लेखी अंदाजपत्रक भाव सांगण्यापूर्वी हातात असावे, म्हणजे ती रक्कम वजा करूनच नौकेची किंमत बोलता येते. दुसरी, नवी इंजिने आधीच असतील तर टाकी भरून, बर्फ आणि माणसे घेऊन, समुद्रात पूर्ण वेगाची चाचणी घ्यावी. ३,००० फेऱ्यांचे म्हणून विकलेले इंजिन भरल्या नौकेत २,८००वरच अडकत असेल तर पंखा जड आहे असे समजावे, आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय पुढे जाऊ नये. अमेरिकेत खरेदीचा करार सर्वेक्षण आणि सागरी चाचणी यांच्या अटीवर करण्याची रीत रूढ आहे. विक्रेता ही अट नाकारत असेल, तर नौका कितीही देखणी असली तरी बोलणी तेथेच थांबवावीत.